ठिपकेदार तरसांच्या कळपात कोण कोण आहे, हे गाडीत बसून कसं ओळखायचं?

इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. दिवाळीच्या सुटीत चौघं जण केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात चाललेत, मुक्काम तीन रात्रींचा. नववीतल्या मुलीनं शाळेच्या प्रकल्पासाठी ठिपकेदार तरस हा विषय घेतलाय. टूरवाला म्हणतो, तरसं काय, वाटेत दिसतातच, पाच मिनिटं थांबू. नर-मादी बाहेरून ओळखू येत नाहीत असं ताईंनी वाचलंय, मग मुलीनं नोंदवायचं काय? शिवाय दोन उपप्रश्न: सिंहाची शिकार पळवणारी ती हीच का? आणि इंदूरजवळच्या जाम गेटच्या रस्त्यावर रात्री गाडीच्या उजेडात दिसलं होतं ते तरस आणि हे एकच का?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो, ते छोटं आहे. एकच नाहीत. जाम गेट, मानपूर, चोरल या पट्ट्यात दिसतं ते पट्टेरी तरस. टोकदार उभे कान, मानेपासून पाठभर आयाळ, अंगापायांवर काळे पट्टे, गळ्याशी काळा डाग, वजन साधारण 30-35 किलो, बहुधा एकटं आणि जवळजवळ मुकं. ठिपकेदार तरस फक्त आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिणेला. त्याचे कान गोल, केस आखूड, वजन 50 ते 70 किलो, राहणं कळपात आणि तोंड सतत चालू. दोघांचं कूळ एक, त्या कुळात आज चारच जाती आहेत, आणि दिसायला कुत्र्यासारखी असली तरी नात्यानं ती मांजर-मुंगसाच्या बाजूची. टीव्हीवरची चाळीस-चाळीसची टोळी पाहून चोरलकडे शेत असलेली मंडळी उगाच धास्तावतात. आपल्याकडचं तरस मुख्यतः मेलेल्या गुरांवर, हाडांवर आणि छोट्यामोठ्या प्राण्यांवर जगतं. त्याच्या बिळापुढे हाडांचा खच दिसतो, कारण पट्टेरी तरस पिल्लांसाठी खाणं बिळावर वाहून आणतं. ठिपकेदार तरस क्वचितच आणतं. हा फरक लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता मुख्य अडचण. ताई, नर-मादी ओळखणं तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाही. खरी अडचण गाडी कुठे थांबते ही आहे. रस्त्याकडेला चिखलात लोळणारं पोट भरलेलं तरस पाच मिनिटं काय, पाच तास पाहिलं तरी प्रकल्पाला दोन ओळी मिळणार नाहीत. तेच वापरातल्या बिळापाशी सकाळचा दीड तास बसलात तर आई कोण, लेक कोण, कोणाचा दरारा आहे आणि कोण खालमानेनं वावरतंय, हे सगळं मुलीला स्वतःच्या डोळ्यांनी कळेल. म्हणून पहिल्या संध्याकाळी कॅम्पवर पोचलात की ड्रायव्हर-गाइडला एवढंच विचारा: पिल्लं असलेलं, सध्या वापरात असलेलं तरसांचं बीळ कुठे आहे? नुसतं ‘हायना दाखवा’ म्हणालात तर रस्त्यावरचं एखादं दाखवून तो बिबट्याकडे वळणार. त्याचंही चुकत नाही, नव्वद टक्के पाहुण्यांना तेच हवं असतं. वायरलेसवर सिंह-बिबट्याच्या बातम्या फिरतात, तरसाच्या बिळाची कोणी आपणहून देत नाही. विचारावं लागतं.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत. बिळं कायमची नसतात, कळप अधूनमधून पिल्लांसकट दुसरीकडे हलतो, त्यामुळे मागच्या महिन्यात कोणाला दिसलेलं बीळ आज ओस असू शकतं. ऑक्टोबरअखेर वाइल्डबीस्टचे मोठे कळप टांझानियाकडे परतू लागलेले असतात. पण माराच्या तरसांचं त्यावाचून अडत नाही, टोपी नावाची मोठी हरणं, झेब्रा, गॅझेल तिथे वर्षभर असतात. पाऊस लवकर आला तर काळ्या मातीत गाडी रुतते, मग ड्रायव्हर लांबच्या बिळाकडे जायला तयार होत नाही. आणि मुख्य रिझर्व्हमध्ये रस्ता सोडता येत नाही, म्हणून बीळ वाटेपासून किती लांब हे महत्त्वाचं. शेजारच्या कॉन्झर्व्हन्सींमध्ये, म्हणजे रिझर्व्हला लागून असलेल्या खासगी राखीव जमिनींवर, नियम थोडे सैल आहेत, रात्रीची फेरीही मिळते. खर्च परवडत असेल तर तीनांतली एक रात्र तिथे काढा.

बिळाची वेळ सकाळी उजाडल्यापासून साडेआठपर्यंत. ऊन चढलं की पिल्लं आत जातात आणि मोठी झुडपाच्या सावलीत आडवी होतात. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा हालचाल सुरू होते. गाडी किमान 25 मीटरवर, इंजिन बंद, आणि पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, कारण नवी गाडी आली की लहान पिल्लं आत पळतात आणि गाडी शांत राहिली तरच परत येतात. बीळ म्हणजे बहुधा आर्डवार्कनं (वाळवी-मुंग्या खाणारा, बिळं खणणारा प्राणी) खणून सोडलेलं भोक. तोंडं अनेक, भोवतीची माती तुडवून गुळगुळीत झालेली. आतली भुयारं इतकी अरुंद की मोठं तरस शिरू शकत नाही, त्यामुळे सिंहालाही तिथे काही करता येत नाही. आई तोंडाशी येऊन घोगऱ्या आवाजात हळू हुंकारते, तेव्हा तिचीच पिल्लं वर येतात. आपल्याकडच्यासारखा हाडांचा ढीग शोधत बसाल तर बीळ समोर असून चुकेल.

पहिलं काम फोटोचं. दिसेल त्या प्रत्येक तरसाची उजवी बाजू टिपा, नेहमी उजवीच. ठिपक्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते, पण डाव्या-उजव्या बाजूंची मांडणी एकमेकींशी जुळत नाही. एका दिवशी डावी आणि दुसऱ्या दिवशी उजवी टिपली तर एकाच तरसाची दोन होतात, आणि घरी येऊन वही जुळवताना सगळा घोळ होतो. बरोबर कानाच्या कडा बघा: फाटलेला, खाच पडलेला, अर्धा तुटलेला. नाव त्या खुणेवरून द्या, ‘डावा-कान-खाच’ असं. नर की मादी ठरेपर्यंत माणसाचं नाव देऊ नका, मुलं लगेच राजा-राणी करून टाकतात आणि पुढचं निरीक्षण त्या नावाच्या मागे लागतं.

नर-मादीचं सांगतो, जरा स्पष्ट सांगावं लागेल. मादीचं बाह्य जननांग नराच्या लिंगासारखंच लांब असतं, ताठही होतं, आणि योनीचं वेगळं बाहेरचं द्वार नसतं. लघवी, समागम, प्रसूती सगळं त्याच वाटेनं. त्याखाली नराच्या वृषणकोशासारखी दिसणारी चरबीची गादी असते. म्हणूनच नर-मादी एकाच देहात, असल्या कथा पसरल्या. गाडीतून पाहायच्या खुणा तीन. सर्वात पक्की खूण दूध पाजण्याची: पिल्लू पोटाशी असेल तर प्रश्नच मिटला. दुसरी, सड. व्यालेल्या मादीच्या मागच्या पायांमध्ये दोन लांब, लोंबते सड दुर्बिणीतून स्पष्ट दिसतात. तिसरी खूण अवयवाच्या टोकाची. नराचं टोक निमुळतं आणि कोनदार, मादीचं जाडसर, बोथट. ही खूण अवयव बाहेर आलेला असेल तेव्हाच दिसते, आणि तो बाहेर येतो भेटीगाठीच्या वेळी. आकारावर विसंबू नका. मादी सरासरीनं थोडी मोठी असते खरी, पण पोट भरलेला नर उपाशी मादीपेक्षा मोठा वाटतो. अजून न व्यालेली तरुण मादी बऱ्याचदा ओळखू येत नाहीच, तिथे वहीत प्रश्नचिन्ह टाकावं.

भेटीगाठी म्हणजे दोन तरसं समोरासमोर येतात, एकमेकांच्या शेपटीकडे तोंड करून शेजारी उभी राहतात, मागचा एक पाय उचलतात आणि हुंगतात. अवयव ताठ असतो, पण याचा समागमाशी संबंध नाही. पाय बहुधा खालच्या दर्जाचं तरस आधी उचलतं. दातांच्या टप्प्यात शरीराचा सगळ्यात नाजूक भाग द्यायचा, म्हणजे ‘तुझं वर्चस्व मान्य’ हे त्यातून पोचतं. मुलीला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर गाडीत सगळे संकोचतील आणि नेमकी नोंद राहून जाईल.

दर्जाची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचं दिसणार नाही. कळपात सगळ्यात वर एक मादी आणि तिची मुलं, मग दुसरं घराणं, मग तिसरं. पिल्लाला दर्जा आईकडून मिळतो, पण जन्मतःच आपोआप नाही. पिल्लांच्या भांडणात आई मध्ये पडते, प्रत्येक वेळी आपल्या पिल्लाची बाजू घेते, आणि आईच्या खालच्या माद्यांची पिल्लं हळूहळू त्याला वचकायला शिकतात. ताकदीचा यात फारसा संबंध नाही. वरच्या घराण्यातलं तीन महिन्यांचं काळंसावळं पिल्लू अंगावर आलं आणि त्याच्या कितीतरी पट वजनाची मादी कान पाडून बाजूला सरकली, हे बिळापाशी नेहमी दिसतं. बहिणींमध्ये शेंडेफळाचा मान वरचा: आई धाकटीची बाजू घेते, म्हणून धाकटी थोरल्यांच्या वर जाते.

नर मोठे झाले की साधारण दोन वर्षांच्या पुढे केव्हातरी बहुतेक जण कळप सोडतात. दुसऱ्या कळपात शिरायचं म्हणजे रांगेत अगदी शेवटी उभं राहायचं. तिथे जो आधी आला तो वर, मारामारी करून वर चढता येत नाही. टांझानियातल्या न्गोरोन्गोरो विवरात 1996 पासून आठही कळपांतल्या तरसांची नोंद ठेवली जाते. त्यातून दिसलं की तरुण माद्या आपल्या जन्मानंतर कळपात आलेल्या किंवा जन्मलेल्या नराला पसंती देतात, त्यामुळे बापाशी जुळण्याचा धोका टळतो आणि नरांना बाहेर पडण्याचं कारणही मिळतं. माद्या वरचढ का, याचं उत्तर पूर्वी सरसकट हार्मोनवर ढकललं जायचं. आता कल असा की भांडण दोघांचं असलं तरी ज्याच्या मदतीला जास्त जण धावतील तो जिंकतो, आणि जन्मल्या कळपात राहणाऱ्या मादीच्या पाठीशी आई, बहिणी, मावश्या असतात. परका नर एकटा असतो. प्रकल्पात ‘मादी मोठी म्हणून राज्य करते’ असं लिहिलं तर ते अर्धवट ठरेल.

हे सगळं गाडीतून टिपायला मुलीला तीन गोष्टी पुरतील: जागा कोण सोडतं, कान कुठे, शेपटी कुठे. जागा सोडणारं खालचं. कान पुढे असतील तर आत्मविश्वास, मागे डोक्याला चिकटलेले असतील तर भीती. शेपटी पाठीवर उभी आणि केस फुललेले असतील तर चढाई किंवा उत्तेजना, पोटाखाली दुमडलेली असेल तर शरणागती. दर दोन मिनिटांनी घड्याळ बघून प्रत्येक तरसाची या तीन गोष्टींतली स्थिती लिहायची, मधल्या वेळात फक्त बघायचं. सतत लिहीत बसलं की बघणं राहतं. याचा सराव घरीच करून जा. राजेंद्रनगरच्या गल्लीत चार-पाच कुत्री बसलेली असतातच, रोज संध्याकाळी वीस मिनिटं त्यांच्यावर हीच पद्धत वापरा. आठवडाभरात हात बसतो. कुत्र्याच्या आणि तरसाच्या खुणा हुबेहूब सारख्या नाहीत, पण डोळ्याला वळण लागतं.

पिल्लांचं वय रंगावरून अंदाजता येतं. जन्मतः पिल्लू गडद तपकिरी-काळं, डोळे उघडे, सुळे आणि पुढचे दात फुटलेले. मांसाहारी प्राण्यांत अशी तयारी दुर्मीळ आहे, पट्टेरी तरसाचीसुद्धा पिल्लं डोळे मिटलेली जन्मतात. गर्भकाळ साधारण 110 दिवस, बहुधा दोन पिल्लं, प्रसूती त्याच अरुंद वाटेनं, त्यामुळे पहिल्या वेतात पिल्लं गुदमरून दगावण्याचं प्रमाण मोठं. जुळी पिल्लं पहिल्याच दिवसांत एकमेकांना चावतात, आणि दूध अपुरं असेल तर दुबळं पिल्लू मरतं. पूर्ण काळं पिल्लू म्हणजे साधारण दोन महिन्यांच्या आतलं. मग तोंडापासून उजळायला लागतं, चौथ्या महिन्याच्या सुमारास ठिपके उमटलेले दिसतात. आई पहिले काही आठवडे पिल्लांना वेगळ्या बिळात ठेवते आणि मग सार्वजनिक बिळावर आणते, म्हणून नवजात पिल्लू तुम्हाला दिसण्याची शक्यता कमी.

पाजणं मात्र हमखास दिसेल. बीळ सार्वजनिक असलं तरी प्रत्येक आई आपलंच पिल्लू पाजते, दुसऱ्याचं आलं तर दात दाखवते. त्यामुळे कोण कोणाला पाजतं एवढं लिहिलं की घराणी आपोआप सुटी होतात. दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश भरपूर, साधारण 14-15 टक्के प्रत्येकी, आणि पाजणं वर्षभर किंवा त्याहूनही जास्त चालतं. याचं कारण मघाशी म्हटलं त्यात आहे. ही आई खाणं सहसा बिळावर आणत नाही, लांडग्यासारखी ओकूनही भरवत नाही, सगळा भार दुधावर. टांझानियातल्याच सेरेंगेटीत कळपाच्या हद्दीतले चरणारे प्राणी निघून गेले की माद्या चाळीस-चाळीस किलोमीटर चालत त्यांच्यामागे जातात, खाऊन परत येतात आणि पाजतात. तोवर पिल्लं काही दिवस उपाशी असतात. माराच्या तरसांवर एवढी वेळ कमी येते. तिथल्या तालेक भागात 1988 पासून अभ्यास चालू आहे, आणि भक्ष्य मुबलक असलं की कळप शंभराच्या वर जाऊ शकतो हे तिथेच दिसलं. कलहारीच्या कोरड्या भागात हीच जात पाच-दहांच्या कळपात राहते. कळप किती मोठा, हे शेवटी ताटात किती आहे त्यावर ठरतं.

आता चोर की शिकारी. प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी 1960च्या दशकात सेरेंगेटी आणि न्गोरोन्गोरोत रात्ररात्र तरसांमागे गाडी घालून दाखवून दिलं की ती बहुतेक अन्न स्वतः मारून मिळवतात, आणि विवरात तर सकाळी सिंह ज्यावर बसलेले दिसत ती शिकार अनेकदा रात्री तरसांनी केलेली असे. म्हणून सिंह खातोय आणि तरसं भोवती घुटमळताहेत असं दृश्य दिसलं तर लगेच निकाल देऊ नका. दुर्बिणीतून तरसांची तोंडं बघा. मान-तोंड रक्तानं माखलेलं असेल आणि पोटं तट्ट असतील, तर ती सिंहांच्या आधी जेवली आहेत. उलटंही घडतं. मोठा नर सिंह जवळ नसेल आणि एका सिंहिणीमागे चारेक तरसं जमली तर सिंहिणी जागा सोडतात. नर आला की तरसंच पांगतात, कारण तो त्यांना ठार मारतो, खात नसला तरी.

शिकारीची पद्धत भक्ष्यावर ठरते. वाइल्डबीस्टमागे बहुधा एक-दोनच तरसं धावायला सुरुवात करतात, बाकीची नंतर येऊन मिळतात. झेब्र्याचा नर कुटुंबाच्या मागे राहून चावतो, लाथा घालतो, म्हणून त्यासाठी दहा-बारा जणांची टोळी निघण्याआधीच जमते. अशी टोळी वाइल्डबीस्टच्या कळपामधून सरळ, इकडेतिकडे न बघता चाललेली दिसली तर ड्रायव्हरला सांगा की तिच्या समांतर रस्त्यानं चला, ती झेब्रा शोधतेय. पाठलाग कित्येक किलोमीटर जाऊ शकतो, वेग तासाला 60 किलोमीटरपर्यंत. मारल्यावर खाणं इतकं झपाट्याचं की अर्ध्या तासात जमिनीवर डाग उरतो. एक तरस एका बैठकीला 14-15 किलो खाऊ शकतं. मुलगी लहान आहे म्हणून सांगतो, तरसं गळा दाबून मारत नाहीत, उभ्या प्राण्याचं पोट फाडतात. बघवत नसेल तर गाडी वळवायला सांगण्यात काही कमीपणा नाही. हाडंही खातात, म्हणून त्यांची विष्ठा वाळली की खडूसारखी पांढरी होते. रस्त्याकडेला असे पांढरे गोळे एकाच जागी पुष्कळ दिसले तर ती कळपाची हद्द समजा आणि नकाशावर खूण करा.

आवाजांपैकी दोन ओळखता आले तरी खूप. खालून वर चढत जाणारी ‘वूऽऽप’ अशी लांब हाक, सहा-सात वेळा सलग, ही लांबवरच्या आपल्या लोकांसाठी. काही किलोमीटर ऐकू जाते आणि हाकेवरून तरसं एकमेकांना ओळखतात. ज्याला आपण हसणं म्हणतो ते खिंकाळणं आनंदाचं नसतं. ते अंगावर धावून आलेल्यापुढे, किंवा खायला जवळ जाऊ न दिलेल्या खालच्या तरसाच्या तोंडून निघतं. शिकारीपाशी कोण हसतंय ते लिहून ठेवा, दर्जाच्या नोंदीला उपयोग होईल. हाक फोनवर रेकॉर्ड करा, पण गाडीतून वाजवू नका. कळप परक्यांची हाक समजून धावून येतो, आणि रेंजरनं पकडलं तर ड्रायव्हर अडचणीत येऊ शकतो.

सामानात 8×42 ची दुर्बीण प्रत्येकी एक. चौघांत एक नेली तर मुलीच्या हाती ती येईपर्यंत पिल्लू आत गेलेलं असतं. कॅमेऱ्याला 400 मिमीची लेन्स पुरे, त्याहून लांब लेन्स गाडीत हलते. रात्रीच्या फेरीत लाल फिल्टर लावलेलाच दिवा वापरायला सांगा. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा इंदूरची शेव कॅरीबॅगेत न बांधता डब्यात भरून न्या, आणि तो डबा तंबूत न ठेवता कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्या. अंधार पडल्यावर तंबूतून जेवणाच्या जागी जाताना पहारेकऱ्याला बोलवायचं, वीस पावलांचं अंतर असलं तरी. उघड्यावर झोपलेल्या माणसावर ठिपकेदार तरसानं हल्ला केल्याची उदाहरणं आहेत; चेन लावलेल्या तंबूत काळजी नाही. चामड्याचे बूट मात्र आत घ्या, बाहेर राहिले तर सकाळी फक्त तळवे सापडतील.